ठोंब्याचे वजन

वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सारी गल्ली तोंडावर 'साहेब' म्हणे आणि त्यांची पाठ वळली की 'तागडीसाहेब'. नोकरीत असताना ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने आपापले तराजू पुसायला घेत. त्यांच्या चामडी पेटीत मखमली खाचांमधून पितळेची प्रमाणित वजने बसवलेली असत. ती पेटी उघडून साहेब एकदा तराजूपुढे उभे राहिले, की ओळखपाळख, गोड बोलणे, पुढे सरकवलेली खुर्ची, यांपैकी कशाचाही उपयोग होत नसे. लाच घेत नाहीत म्हणून दुकानदार त्यांना मानत आणि चहासुद्धा घेत नाहीत म्हणून त्यांच्यावर वैतागत. निवृत्त होताना पेटी खात्यात जमा झाली. स्वभाव जमा करून घेण्याची सोय मात्र कोणत्याही खात्यात नव्हती, त्यामुळे तो त्यांच्याबरोबर घरी आला.

घरी त्याचा जाच होण्याजोगी एकच व्यक्ती होती, त्यांची पत्नी. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनींनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून उमेदीची वर्षे घालवली होती. अनोळखी माणसांचा संताप कानावर घेऊन 'कृपया थांबा' असे मधाळ आवाजात म्हणायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर तो मधाळ आवाज त्यांनी ठेवणीत टाकला होता, आणि तो त्यांनी बाहेर काढला की साहेबांना घाम फुटे. कारण त्यानंतर काय येते, हे त्यांना संसाराच्या अनुभवाने ठाऊक होते.

आदल्या वर्षी मंडईच्या कोपऱ्यावर, पदपथाच्या कडेवरून खाली पाय टाकताना, वहिनी पडल्या. गुडघ्याचे हाड यथावकाश जुळून आले, पण धीर काही जुळून येईना. घरात त्या ठीक चालत. जिना उतरून फाटकापर्यंत गेल्या आणि पुढे पदपथाची कड दिसली, की पाय जमिनीला खिळत. "उद्या बघू," असे म्हणून त्या माघारी वळत. असे उद्या इतके साचले, की हाडांच्या डॉक्टरांनी एक दिवस साहेबांना एकट्याला आत बोलावून स्पष्ट सांगितले, "साहेब, बाईंना बाहेर काढा. आणखी काही महिने अशाच बसून राहिल्या, तर खुर्चीतून उठायलाही माणूस लागेल. यावर माझ्याकडे गोळी नाही."

साहेबांनी हे काम सरकारी तत्परतेने हाती घेतले. सकाळची वेळ ठरवली, वहिनींचा हात धरला आणि सूचना सुरू केल्या. "उजवा पाय पुढे. थांब. आता डावा. मान वर. समोर बघ."

"अहो, मला फिरायला नेताय की परेडला?"

"अगं, पद्धतशीर चाललीस तर पडणार नाहीस."

"पद्धतशीरच पडले होते मी. सोडा हात."

पद्धत तिथेच संपली.

अशातच जहाजावर इंजिनिअर असलेली त्यांची लेक लांबच्या सफरीवर निघाली आणि जाताना आपला कुत्रा आईबापांच्या पदरात टाकून गेली. कुत्रा मातकट रंगाचा, लोंबत्या कानांचा आणि दारातून आत येताना दार भरून टाकणारा होता. साहेबांनी चष्मा पुसून त्याची जात विचारली. लेक म्हणाली, "मिश्र." साहेबांना मिश्र या शब्दाचा तिटकारा होता. त्यांच्या मते ज्याची वर्गवारी करण्याचा आळस केलेला असतो, त्याला लोक मिश्र म्हणतात. लेकीने कुत्र्याला काही तरी झोकदार नाव दिले होते. वहिनींनी दोन दिवस त्याचे वागणे पाहिले आणि तिसऱ्या दिवसापासून त्याला 'ठोंब्या' म्हणायला सुरुवात केली. जुन्या नावाला तो जितकी दाद देई तितकीच नव्या नावाला देऊ लागला, म्हणजे मुळीच नाही.

जंतांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, असे बाटलीवर लिहिलेले असल्यामुळे साहेबांनी आल्या आठवड्यातच ठोंब्याचे वजन केले. ते स्वतः काट्यावर उभे राहिले, आकडा पाहिला, मग ठोंब्याला कवेत उचलून पुन्हा उभे राहिले आणि वजाबाकी केली. उत्तर आले एक्केचाळीस किलो. ते उत्तर साहेबांची कंबर पुढे बरेच दिवस विसरली नाही.

ठोंब्याला एक खोड होती. जिथे जमिनीची पातळी बदलेल, तिथे तो बसकण मारी. उंबरठा आला, बसला. जिन्याची पायरी आली, बसला. थोडा वेळ त्या पायरीकडे गहन विचारात पडल्यासारखा पाही आणि मग एकेक पाय हिशेबाने टाकत पुढे जाई. दूध आणायला निघालेल्या साहेबांचा या प्रकाराने जीव जाई. "अरे, पायरी आहे ती! कालही होती!" असे ते जिन्यात ओरडत, आणि खाली तळमजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून हसत असे.

पण वहिनींना ही खोड भलतीच मानवली. साहेब बँकेत गेले होते, त्या दिवशी त्यांनी कंटाळून ठोंब्याला स्वतःच खाली नेले. फाटकाबाहेर पदपथाची कड आली आणि ठोंब्या बसला. वहिनीही थांबल्या. तो कडेकडे बघत राहिला, त्याही बघत राहिल्या. मग तो उठला, त्याने एक पाय खाली टाकला आणि त्याच्या पाठीवर हात टेकून वहिनींनीही टाकला. साहेब परत आले तेव्हा त्यांची पत्नी रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाशी उभी होती आणि कुत्रा खांबाचा वास घेत होता.

त्या संध्याकाळी वहिनींनी निकाल जाहीर केला. "ठोंब्या बरोबर असेल तर मी कुठेही येते. तो नसेल तर तुम्ही आणि तुमचा रस्ता, खुशाल जा."

इथून साहेबांच्या हालांना आरंभ झाला. गल्लीतल्या गल्लीत फिरून वहिनी आठवड्यात कंटाळल्या. त्यांना झाडे हवीत, माणसे हवीत, बसायला जागा हवी. एवढ्या मोठ्या शहरात एक बाई, तिचा नवरा आणि एक कुत्रा यांनी रविवारी जायचे कुठे? लेकीला फोनवर विचारले, तर जहाजाच्या इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून ती म्हणाली, "बाबा, हल्ली ढीगभर जागा झाल्यात. फोनवर 'श्वानस्नेही' असं शोधा. हॉटेलं, बागा, तळं, सगळं आहे."

साहेबांनी शोधले आणि ढीग खरोखरच निघाला. प्रत्येक जागेच्या चित्रात एक टवटवीत जोडपे आणि पांढराशुभ्र, उशीएवढा कुत्रा. साहेब चिडले ते त्या 'श्वानस्नेही' शब्दावर. एखादी वस्तू किलोभर आहे की नाही, हे ठरवता येते. एखादी जागा स्नेही आहे म्हणजे किती स्नेही आहे, हे कोण ठरवणार? तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या रीतीप्रमाणे आधी स्वतः जाऊन जागेची तपासणी करायची आणि मगच कुटुंबाला न्यायचे, असे ठरवले. तपासणीला अर्थातच ते कुत्र्याशिवाय जात. एवढ्या सावध माणसाच्या हातून एवढी मोठी चूक कशी झाली, हे विचारण्यात अर्थ नाही. दुकानाची तपासणी करायला जाताना गिऱ्हाईक बरोबर नेण्याची त्यांना सवय नव्हती, इतकेच.

पहिली जागा म्हणजे एक नवे उपाहारगृह. मॅनेजर तरुण, शर्टावर कुत्र्याच्या पंजाचे चित्र. साहेबांनी विचारले, "कुत्रा चालतो?"

"चालतो काय साहेब, आम्ही वाट बघतो! आम्ही पूर्ण श्वानस्नेही आहोत."

"बसायची सोय?"

"एकदम खास."

रविवारी तिघेही पोहोचले. मॅनेजरने ठोंब्याकडे पाहिले, मग ठोंब्याच्या मागे आणखी काही यायचे शिल्लक आहे का ते पाहिले आणि म्हणाला, "तुम्ही आत बसा ना. याला मागे बसवू. मागे खास सोय केलीय."

खास सोय म्हणजे स्वयंपाकघरामागच्या बोळात, जनरेटरशेजारी एक खांब. खांबाला कडी, कडीजवळ पाण्याचे भांडे आणि वर रंगीत पाटी: 'श्वानकक्ष'.

"माझी खुर्ची इथे आणा," वहिनी म्हणाल्या.

"मॅडम, इथे गिऱ्हाईक नाही बसत."

"मग मी गिऱ्हाईक नाही असं समजा. पण कॉफी गरम आणा."

त्यांची खुर्ची आली. साहेबांचीही आणावी लागली. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि जनरेटर सुरू झाला. त्यानंतर कुणाला कुणाचे बोलणे ऐकू आले नाही, हीच काय ती त्या सहलीतली शांतता.

दुसऱ्या रविवारी तळे. साहेबांनी आधी चौकशी केली होती. तळ्याकाठी कुत्र्यांना मुभा होती, परंतु बाहेरच्या वाटेवर. माणसांसाठी बाके होती, परंतु आतल्या वाटेवर. मध्ये गजांचा बुटका कठडा. साहेबांनी पट्ट्याची लांबी मोजून काढली आणि वहिनी बाकावर, ठोंब्या कठड्यापलीकडे आणि पट्टा कठड्यावरून, अशी मांडणी सिद्ध केली. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात ठोंब्याने कठड्याला पातळीतला बदल समजून बसकण मारली, बराच विचार केला आणि मग वहिनींकडे येण्यासाठी डोके दोन गजांमधून घातले. डोके आले, कान आले. परत मात्र काहीच जाईना. तळ्याच्या रखवालदाराने साबणाचे पाणी आणले. साहेबांनी गुडघे टेकले, बाह्या सरसावल्या आणि जमलेल्या घोळक्यातल्या प्रत्येकाचा सल्ला ऐकत ते डोके मागे ढकलू लागले.

"काका, कान आधी घ्या, कान!"

"अहो, तुम्ही ढकलताय की ओढताय?"

"शेपटी धरून बघा."

"तुम्ही धरून बघा शेपटी!" साहेब कडाडले.

ठोंब्या अखेर सुटला, अंगावरचा अर्धा साबण साहेबांच्या सदऱ्याला पुसून. गाडीत बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "एक जागा शोधा, जिथे आपण तिघं एकाच बाजूला असू. नसेल सापडत तर तसं सांगा. मी घरी बसते, मला काही त्रास नाही."

'घरी बसते' हे शब्द साहेबांच्या कानात डॉक्टरांच्या आवाजात घुमले. त्यांनी आणखी चार ठिकाणे पालथी घातली. एका पुस्तकांच्या दुकानात कुत्रा चालत होता, पण पिशवीत. एका गच्चीवरच्या हॉटेलात चालत होता, पण लिफ्टमध्ये चालत नव्हता. एका बागेत फक्त मंगळवारी दुपारी. एके ठिकाणच्या मालकिणीने सांगितले, की कुत्रा अवश्य आणा, पण त्याचा आमच्या मांजरीशी आधी परिचय करून घ्यावा लागेल, आणि मांजर सध्या कुणाला भेटत नाही. साहेब घरी येऊन पंख्याखाली बसत आणि कपाळाला हात लावत.

शेवटी राहिले वनस्पती उद्यान. घरापासून चालत जाण्याजोगे. पण साहेबांनी ते आधीच बाद केले होते. फाटकावरच्या पाटीने मात्र त्यांचे मन क्षणभर निवले होते, कारण या साऱ्या शोधात आकडा असलेला हा पहिलाच नियम होता: 'दहा किलोपर्यंतच्या श्वानांना प्रवेश. वजन फाटकावर केले जाईल.' स्वच्छ नियम आणि स्वच्छ नकार. यात स्नेह वगैरे भानगड नव्हती.

हे त्यांनी शिंप्याला सांगितले, तेव्हा शिंपी तोंडातली टाचणी काढून म्हणाला, "काय सांगता साहेब! माझा मेहुणा दर रविवारी तिथेच जातो की. त्याचा कुत्रा म्हशीएवढा आहे."

"दहा किलोंच्या आत?"

"काट्यावर उभा करतात आणि सोडतात आत."

"अशक्य."

"अशक्य तर अशक्य. पण जातो खरा."

"तुमचा मेहुणा थापा मारतो."

"मारतो ना! पण गुडघ्यापर्यंत गवत लावून येतो, ते काय घरी लावतो?"

जिन्याच्या कठड्यावरून वहिनींचा आवाज आला. "आपण जाऊन बघू."

रविवारी सकाळी साहेबांनी गाडी उद्यानापाशी उभी केली. फाटकावर कुत्र्यांची आणि माणसांची रांग होती. रांगेत उशीएवढा कुत्रा एकच. बाकी सारे भरभक्कम. फाटकाशी रोपवाटिकेतला खताची पोती तोलायचा जुना तबकडीचा काटा ठेवला होता आणि त्याच्यामागे पिकल्या मिशांचा, खाकी कपड्यांतला पहारेकरी उभा होता. एकेक कुत्रा काट्यावर चढे, काटा थरथरे आणि पहारेकरी खणखणीत आवाजात पुकारी:

"नऊ! जाऊ द्या!"

वासराएवढा काळा कुत्रा चढला. "नऊ! जाऊ द्या!" त्याच्यामागून आलेली लांब केसांची, धापा टाकणारी कुत्री चढली. "नऊ! जाऊ द्या!" उशीएवढा कुत्रा चढला, तेव्हा मात्र पहारेकऱ्याने चष्मा वर करून नीट पाहिले आणि "चार" म्हटले. साहेबांच्या मानेवरच्या शिरा ताठ होऊ लागल्या.

वहिनींचे लक्ष काट्याकडे नव्हतेच. फाटकाच्या गजांतून त्यांना आतली हिरवी उतरण दिसत होती आणि तिच्या कडेला, मोठ्या झाडाच्या सावलीत, एक रिकामे बाक. बाकापुढे कठडा नाही, पाटी नाही. शेजारी एक कुत्रा पाय ताणून झोपलेला आणि त्याचा मालक वर्तमानपत्रात डोके घालून बसलेला.

"अहो, ते बाक बघा," वहिनी म्हणाल्या. "कुणी जाऊन बसायच्या आत चला." त्यांच्या आवाजात गेल्या वर्षभरात न ऐकलेली घाई होती.

ठोंब्याची पाळी आली. काटा जमिनीपेक्षा वीतभर उंच. साहजिकच तो बसला. रांग थांबली. त्याने काट्याचा विचार केला, मग एकेक पाय ठेवत वर चढला.

"नऊ!" पहारेकऱ्याने पुकारले. "जा मावशी, आत जा. उतरणीवर जरा जपून."

वहिनींनी एक पाय फाटकाच्या आत टाकलासुद्धा होता. ठोंब्या मात्र अजून काट्यावरच उभा राहून उतरण्याचा विचार करत होता.

"थांबा," साहेब म्हणाले.

"काय झालं साहेब?"

"हा काटा चुकीचा आहे."

"बरोबर आहे साहेब. खत यावरच तोलतो आम्ही."

"या कुत्र्याचं वजन एक्केचाळीस आहे. मी स्वतः केलंय."

मागून आवाज आला, "अहो काका, तो नऊ म्हणतोय ना? मग नऊ! चला पुढे!"

"तुमचा कुत्रा आत चाललाय आणि तुम्हीच अडवताय? कमाल आहे!"

"अहो," वहिनी म्हणाल्या, "कृपया थांबा." आवाज मधाळ होता. पहारेकऱ्याला तो गोड वाटला असेल. साहेबांना त्याचा अर्थ माहीत होता, आणि इतर कोणत्याही प्रसंगी ते जागच्या जागी गप्प झाले असते. पण समोर चुकीचा काटा होता. आयुष्यभर ज्या माणसाने चुकीच्या काट्यासमोरून मान वळवली नाही, त्याला ती आता वळवता येईना. ते खाली बसले. गुडघे कुरकुरले. मान वाकडी करून त्यांनी काट्याच्या पाट्याखाली पाहिले, तर पाटा आणि बैठक यांच्या फटीत लाकडाची एक पाचर अडकलेली. तिच्यामुळे पाटा खाली जातच नव्हता.

"हे बघा! खोक्याचा तुकडा अडकलाय," साहेब म्हणाले आणि त्यांनी ती पाचर ओढून काढली.

पाटा खटकन खाली बसला. काटा नवाला मागे टाकून गरगरत गेला आणि एक्केचाळिसावर येऊन स्थिर उभा राहिला. साहेबांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच निर्भेळ आनंद पसरला. "बघितलंत? तंतोतंत!"

फाटकाशेजारच्या कचेरीची खिडकी उघडली आणि उद्यानाच्या अधीक्षकांनी डोके बाहेर काढले. "काय प्रकार आहे? किती भरला तो?"

पहारेकरी आभाळाकडे पाहू लागला. अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे साहेबांना शक्यच नव्हते. "एक्केचाळीस," त्यांनी सांगितले.

मग सगळ्यांचेच वजन पुन्हा झाले. आत गेलेल्यांनाही बाहेर बोलावण्यात आले. वर्तमानपत्रवाला उठला, झोपलेला कुत्रा उठला आणि झाडाखाली बाकांची एक रिकामी रांग उरली. वासराएवढा कुत्रा वासराएवढा भरला. धापा टाकणाऱ्या कुत्रीच्या मालकाने काट्यावर तिचे मागचे पाय हळूच उचलून धरले होते, तेही साहेबांच्या नजरेतून सुटले नाही. उशीएवढा कुत्रा तेवढा आत राहिला आणि त्याची मालकीण एकटी पडल्यामुळे तीही बाहेर आली. अधीक्षकांनी साहेबांशी हात मिळवला. "आपल्यासारखे जागरूक नागरिक हवेत," असे ते म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

पहारेकऱ्याने साहेबांच्या हातातली पाचर काढून घेतली. "साहेब," तो हलकेच म्हणाला, "ही मी रोज सकाळी माझ्या हातानं बसवतो. एवढी माणसं जातील कुठं, म्हणून."

साहेबांच्या आनंदाचा पार चुराडा झाला. त्यांनी वळून पाहिले, तर वहिनी जागेवर नव्हत्या. ठोंब्याचा पट्टा मुठीत घट्ट धरून त्या उद्यानाच्या भिंतीकडेने निघाल्या होत्या, आणि गाडी तर विरुद्ध बाजूला होती.

"अगं, गाडी इकडे आहे!"

वहिनी वळल्या नाहीत. साहेब त्यांची पर्स, पाण्याची बाटली आणि ठोंब्याचे भांडे सांभाळत मागे धावले. भिंतीकडेने ती सगळी हाकललेली मंडळीही चालू लागली होती, कारण कुत्री फिरायला आणली होती आणि फिरवणे भागच होते. वासराएवढ्या कुत्र्याचा मालक वहिनींच्या बरोबरीने चालत बोलत होता.

"कुठून येतात असली माणसं, कळत नाही. काय मिळालं त्याला?"

"काही नाही मिळालं," वहिनी म्हणाल्या. "त्याला कधीच काही मिळत नाही. माझा नवराच आहे तो."

मालक ओशाळला. "नाही, म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तुम्ही म्हणा हो. तुमचा एकच रविवार गेला. मी लग्न केलंय."

भिंत वळली तिथे रस्ता आडवा आला. कडेशी ठोंब्या बसला. वहिनी रागात इतक्या बुडाल्या होत्या, की त्यांनी पट्ट्याला हिसका दिला. "ऊठ रे! तूही आता वजन करून घेतोस का?" असे म्हणून त्या ठोंब्याच्या आधी कडेवरून खाली उतरल्या. त्याच्या पाठीवर हात न टेकता उतरल्या. रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर चढल्यासुद्धा. ठोंब्या गोंधळून मागोमाग गेला.

मागून येणाऱ्या साहेबांनी ते पाहिले आणि भांड्यासकट ते थबकले. "अगं! तू स्वतः उतरलीस! आत्ता! हात न टेकता!"

"मोजत होतात का?" वहिनी पलीकडून ओरडल्या. "मोजा! आणखी काय येतं तुम्हाला!"

"अगं, पण डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरांना घेऊन या तुमच्या आणि बसा दोघं काट्यावर!"

उद्यानाला पूर्ण वळसा पडला. मध्ये वहिनी तीनदा भांडायला थांबल्या आणि एकदा पाणी प्यायला, पण बसायला थांबल्या नाहीत. गाडीशी आल्यावर मागच्या आसनावर ठोंब्याशेजारी बसून त्यांनी दार लावून घेतले. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी जे काही सांगितले, ते ठोंब्याला सांगितले.

आठवडाभर घरात फक्त कामापुरते बोलणे झाले. साहेब शरमले होते, हे खरे. पण त्याहून अधिक ते चिडले होते, आणि चीड कुणावर काढावी हे सापडत नव्हते. काटा खोटा होता. नियम खरा होता. त्यांनी केले ते बरोबर होते. मग सारे शहर त्यांच्याकडे गुन्हेगारासारखे का पाहत होते? मेहुण्याकडून बातमी लागल्यापासून शिंपीसुद्धा त्यांना पाहून मशीन जोरात चालवू लागला होता.

शनिवारी तोच शिंपी निरोप घेऊन वर आला. साहेबांना टाळून त्याने वहिनींनाच सांगितले. "वहिनी, पहारेकऱ्यानं मेहुण्याजवळ सांगून पाठवलंय. मावशींना आणि त्यांच्या कुत्र्याला उद्यापासून खुशाल येऊ दे म्हणावं. अधीक्षक रविवारी नसतातच, त्या दिवशी चुकून आले होते."

"आणि काटा?" साहेबांनी खुर्चीतून विचारले.

शिंप्याने घसा खाकरला. "ते साहेब, काट्याचं म्हणाल तर..."

"थांबा. मला सांगू नका. मला कळलं तर अधीक्षकांच्या कानावर घालणं माझं कर्तव्य ठरेल."

"मग कळू देऊ नका," वहिनी म्हणाल्या.

"ते कसं जमायचं?"

"तोंड बंद ठेवून. लोकांना जमतं."

साहेब खिडकीकडे तोंड करून बसले. ते अधीक्षकांकडे गेले नाहीत. फोनही केला नाही. आयुष्यात प्रथमच एका काट्याविषयी त्यांनी काही न कळल्याचे कबूल केले आणि त्या कबुलीने रात्रीपर्यंत त्यांचे पित्त खवळून राहिले.

रविवारी सकाळी ते गाडीची किल्ली घेऊन तयार झाले, तर वहिनी चपला घालून दाराशी उभ्या होत्या. ठोंब्याचा पट्टा हातात, पर्स खांद्याला. उंबरठ्यावर ठोंब्या बसला होता आणि वहिनी त्याची वाट पाहत होत्या.

"चल, गाडी काढतो," साहेब म्हणाले.

"गाडी नको. आम्ही चालत जातो."

"चालत? तिथपर्यंत? आणि आम्ही म्हणजे?"

"मी आणि ठोंब्या. तुम्ही घरी थांबा."

"का?"

"निरोपाचा शेवट शिंप्यानं तुमच्यासमोर सांगितला नाही. बिचारा भिडस्त आहे." वहिनींनी साहेबांची कॉलर नीट केली. "जेवायच्या वेळेपर्यंत येते. कुकर लावून ठेवा. पाणी मोजून घाला, तेवढं तुम्हाला येतं."

साहेब गॅलरीत आले. खाली वहिनी आणि ठोंब्या फाटकाबाहेर पडत होते. पदपथाची कड आली, दोघे थांबले, दोघे उतरले. साहेबांच्या हिशेबाने उजवीकडचा रस्ता जवळचा होता. वहिनी डावीकडे वळल्या. साहेबांनी कठड्यावर हात आपटला.

शिंप्याने दुकानातून मान बाहेर काढून वर पाहिले. "साहेब, वहिनी एकट्याच निघाल्या?"

"एकटी नाही. कुत्रा आहे बरोबर."

"आणि तुम्ही नाही गेलात?"

"मला परवानगी नाही," तागडीसाहेब म्हणाले आणि कुकर लावायला आत गेले.